नंबर घातलेली झाडं

माझी बायको झाडं मोजते. लग्न ठरलं तेव्हा मी तिला विचारलं होतं, मोजून झाली की काय करणार? ती म्हणाली, परत मोजणार. मला वाटलं चेष्टा करतेय. प्रियदर्शनीला चेष्टा करता येत नाही, हे मला पाच वर्षांनी कळलं. तेव्हा तिने खरोखरच ती सगळी झाडं पुन्हा मोजायला काढली आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

जंगलाचा तो तुकडा खडकवासल्याच्या बराच पुढे, पानशेतचं पाणी संपतं तिथून वर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर होता. कोकणातून चढणारं धुकं तिथे अडायचं, म्हणून अंजनी, पिसा, पारजांभूळ अशी बाराही महिने हिरवी राहणारी झाडं तिथे टिकून होती. जमीन दशरथ नावाच्या शेतकऱ्याची. १९९१ साली प्रियदर्शनी त्यांच्याकडे गेली आणि तुमच्या झाडांना नंबर घालू का, असं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तोडायची न्हाईत ना?" ती नाही म्हणाली. मग घाला म्हणाले, आणि चहा टाकायला सांगितला. परवानगी ती एवढीच. त्याच वर्षी दिल्लीत देशाची दारं उघडली होती. त्या दारांचा आणि आमच्या झाडांचा काही संबंध असेल, असं तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

कामाची पद्धत ठरलेली. प्रत्येक मोठ्या झाडाला एक पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, त्यावर नंबर. छातीच्या उंचीवर पिवळा पट्टा ओढायचा, म्हणजे पुढच्या खेपेला टेप त्याच जागी बसतो. पहिली मोजणी १९९२च्या जानेवारीत, मग दर पाच वर्षांनी आणि जानेवारीतच, कारण पावसाळ्यात झाड पाणी पिऊन फुगतं आणि आकडा खोटा येतो. मी टेप लावून मोठ्याने ओरडायचं: नंबर, नाव, घेर, आणि शेवटी 'जिवंत' किंवा 'मेलेलं'. ती लिहिताना तेच शब्द परत म्हणायची. तिने परत म्हटल्याशिवाय मी पुढच्या झाडाकडे जायचं नाही, हा नियम. दिवसभर डोंगरात आमचा हा संवाद चालायचा. नवरा-बायकोत इतकं एकमत आमच्या घरी एरवी कधी झालं नाही.

त्यात एक झाड माझं होतं. माझं म्हणजे मीच ते माझं ठरवलं होतं. सपाट खडकाशेजारची ती अंजनी वाढतच नव्हती. पहिल्या मोजणीत जो घेर, दुसऱ्यात जवळजवळ तोच, तिसऱ्यातही तोच. मी तिला सरकारी फाइल म्हणायचो. प्रियदर्शनी सांगायची, अंजनी सावकाशच वाढते, लाकूड लोखंडासारखं असतं, थोडा धीर धर. एका फेब्रुवारीत आम्ही उगाचच वर गेलो, तेव्हा ती फांद्याफांद्यांवर जांभळ्यानिळ्या फुलांनी भरली होती. त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल जरा जपून बोलायला लागलो.

तिसऱ्या मोजणीनंतर प्रियदर्शनीची झोप उडाली. माथ्यावरची जुनी झाडं उभ्याउभ्या वाळत होती आणि त्यांच्याखाली त्यांची रोपं नव्हती. जी रोपं होती ती खालच्या उष्ण उतारावरच्या जातींची. उन्हाळ्यातलं धुकं कमी झालं होतं, हे तर दशरथांनीही सांगितलं होतं. तिने मला ताटातल्या भाताचा डोंगर करून समजावलं होतं. हवा तापते तशी खालची झाडं वर सरकतात, पण जी आधीच माथ्यावर आहेत त्यांनी कुठे जायचं? वर आभाळ आहे. मी म्हटलं, मग छापून टाक. तिने एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवलं, आणि तिकडून उत्तर आलं, की काम मोलाचं आहे, पण तीन मोजण्यांत असं दिसणं योगायोगही असू शकतो, चौथी मोजणी झाली की पाठवा. चौथी म्हणजे जानेवारी २००७. माझी बायको चिडली नाही. बरोबर आहे त्यांचं, म्हणाली, आणि थांबली. माणसं बसची वाट बघताना जेवढी कुरकुर करतात तेवढीही तिने या सगळ्या वर्षांत केली नाही.

मी मात्र त्या काळात वेगाने पुढे गेलो. पिंपरीच्या कारखान्यात हिशेबाचं काम करायचो, तिथून कॉम्प्युटरवर बसलो, आणि शतक बदलताना सगळ्या जगाची घड्याळं बिघडणार अशी जी हूल उठली, तिच्या कृपेने हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. घड्याळं बिघडली नाहीत. माझा पगार मात्र वाढला. सदाशिव पेठेतलं भाड्याचं घर सोडून त्याच पेठेत फ्लॅट घेतला. माझे सासरे रावसाहेब नागपूरला पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले. सकाळी बुद्धवंदना झाली की ते पेपर वाचायचे आणि जमिनीचे भाव मोठ्याने सांगायचे, जसं काही आम्हाला एखादी टेकडी घ्यायची होती.

२००६च्या गणपतीनंतरची गोष्ट. कंपनीच्या लॉबीत जेवणाच्या सुट्टीत एक स्टॉल लागला. डोंगरावर बंगले, धुक्यात सकाळ, पुण्यापासून दोन तासांवर. टाय लावलेला मुलगा सगळ्यांना रंगीत पत्रक वाटत होता. मी घेतलं, कारण फुकट होतं. पहिल्याच पानावर सपाट खडक होता आणि त्याच्या शेजारी माझी अंजनी.

घरी आल्यावर पत्रक प्रियदर्शनीसमोर ठेवलं. तिने ते खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, दशरथ गेल्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे? मुलाच्या, समाधानच्या. समाधानचं बिबवेवाडीत खिडक्यांच्या ग्रिलचं दुकान. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून तो बाहेर आला, आम्हाला पाहिलं आणि खाली बघायला लागला. भांडायला म्हणून मी स्कूटरवरून येताना चार वाक्यं जुळवून आणली होती. ती तशीच परत नेली, कारण समाधानचं म्हणणं साधं होतं. वर आता रस्ता झाला होता. आजूबाजूच्या सगळ्यांनी विकलं होतं. मधलाच त्याचा तुकडा राहिला असता तर उद्या तिथे जायला वाटही मिळाली नसती. "पर म्याडम, तुमच्या झाडांना हात लावायचा न्हाय, ही अट घातलीय मी," तो म्हणाला. "कागदावर हाय."

खरंच होती. तोच आम्हाला बंगले बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात घेऊन गेला. तिथले साहेब बद्रीनाथ म्हणून होते, पन्नाशीचे, अतिशय सभ्य. मला ते खलनायक निघायला हवे होते. माझं काम सोपं झालं असतं. ते म्हणाले, झाडं असली तर आमचेच बंगले चांगले विकतील, आम्ही कशाला तोडू? झाडाखालून चालत जाऊन संशोधन बघायला लोकांना आवडेल. फक्त एक अडचण होती. त्या उतारावर खालच्या अंगाला काही झाडं तोडायची परवानगी त्यांनी काढली होती, रस्त्यासाठी. तिथे कामाला बाहेरची माणसं येणार. त्यांना तुमची झाडं ओळखू कशी यावीत? बिल्ल्यांवरून ओळखावीत, तर ते सालीत निम्मे बुडालेले, गंजलेले. बद्रीनाथ म्हणाले, "मॅडम, लांबून दिसेल असं काहीतरी करा. मोठे नंबर घाला ना रंगाने."

सूचना इतकी शहाणपणाची होती, की आम्ही तिघांनीही माना हलवल्या. प्रियदर्शनी, समाधान, मी. जन्मभर डोंगरात राहिलेल्या दशरथांनी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं, ते आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही वर जाऊन रंग दिला. जुने पट्टे उजळले, आणि प्रत्येक पट्ट्याच्या वर हातभर मोठा नंबर. रंगाचा ब्रश माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. सगळं जंगल शाळेच्या पहिल्या दिवसासारखं नटलं. मी प्रियदर्शनीला म्हटलं, आलोच आहोत तर मोजूनही टाकू. ती नाही म्हणाली. झाडं अजून ओली आहेत, जानेवारीतच मोजायची. मागच्या तिन्ही मोजण्या जानेवारीतल्या. दोन महिने थांबलो तर काय बिघडतंय, म्हणाली. मीही फार ताणलं नाही, कारण भूक लागली होती. माझ्या अंजनीवर शेवटचा नंबर घातला आणि आम्ही खाली आलो.

डिसेंबर संपताना एका सकाळी समाधान घरी आला. हातात कापडी पिशवी. रावसाहेबांनी दार उघडलं, त्याला बसायला सांगितलं, पण तो उभाच राहिला. पिशवी त्याने टेबलावर ठेवली तेव्हा तिच्यातून पत्र्याचा आवाज आला. प्रियदर्शनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, पिशवीकडे तिने एकदाच पाहिलं, आणि तिला कळलं. मला कळायला पिशवी उघडावी लागली.

बिल्ले होते. तोडणाऱ्यांनीच ते काढून समाधानकडे दिले होते, सरकारी वस्तू दिसतेय, जपून ठेवा म्हणून.

झालं ते असं. बद्रीनाथांनी साइटवरच्या सुपरवायझरला सगळं नीट सांगितलं होतं. तो सुपरवायझर भावाच्या लग्नाला गावी गेला. बदली आलेल्याला कोणी काही सांगितलं नाही. तोडणारी टोळी परजिल्ह्यातली. परवानगीची झाडं खालच्या उतारावर, त्यांच्यावर वनखात्याचा हातोड्याने मारलेला लहानसा शिक्का, तोही गवतात दडलेला. ती काही त्यांना दिसली नाहीत. वर मात्र पिवळ्याधमक रंगात नंबर घातलेली झाडं ओळीने उभी. त्या माणसांनी आयुष्यभर जंगलात जे काम केलं, त्यात रंगाने नंबर घातलेल्या झाडाचा अर्थ एकच: मंजूर झालेलं, तोडायचं. त्यांनी इमानाने काम केलं. नंबर असलेलं एकही सोडलं नाही आणि नंबर नसलेल्याला कुऱ्हाड लावली नाही. नंबर फक्त आमच्या तुकड्यातल्या मोठ्या झाडांना होते.

समाधान म्हणाला, "बापानं इचारलं असतं तर म्या काय सांगितलं असतं?" मग म्हणाला, दर वर्षी शंभर झाडं लावतो, तुम्ही सांगाल ती. प्रियदर्शनी त्याला हो म्हणाली. त्याला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली, एवढं मला तिच्या आवाजावरून कळलं.

मी मात्र पेटलो होतो. कोणाला तरी धरायचंच. तक्रार लिहिली, प्रियदर्शनीला घेऊन वनखात्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "नंबर कोणी घातले?"

"आम्ही," प्रियदर्शनी म्हणाली.

"खात्याला कळवून?"

"नाही."

"मग तोडणाऱ्याने काय समजायचं होतं, मॅडम?"

त्याचा स्वर चढला नव्हता. उलट त्याला वाईटच वाटत होतं. कंपनीला दंड होईल म्हणाला, नियमाप्रमाणे, आणि तो कंपनी भरेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाहेर आल्यावर मी बद्रीनाथांना फोन लावला, मनसोक्त शिव्या द्यायला. ते फोनवर रडवेले झाले. तो माणूस खरंच रडवेला झाला हो! जगात एवढा मोठा अन्याय व्हावा आणि शिव्या द्यायला एक नालायक मिळू नये, हे मला अजून सहन होत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी प्रियदर्शनीने टेबलावर बिल्ले नंबराप्रमाणे लावून ठेवले होते. जेवायला आम्ही खाली सतरंजीवर बसायचो, कारण ते उचलायचं धाडस कोणाला नव्हतं. तिसऱ्या दिवशी रावसाहेबांनी हळूच विषय काढला. ते म्हणाले, बेटा, सगळं अनित्य आहे, तथागतांनी सांगितलंच आहे. एरवी ती वडिलांपुढे बोलत नाही.

"माहीत आहे बाबा," ती म्हणाली. "मला ते मोजायचं होतं."

रावसाहेब आपल्या खोलीत गेले. मी भांडी घासायला घेतली. दुसरं काय करता येतं अशा वेळी? मला बायकोसाठी काहीही करायची तयारी होती आणि करण्यासारखं काहीही नव्हतं. तापत्या हवेने ती झाडं मारली असती तर निदान तिला तसं लिहिता आलं असतं. आता त्यातली कुठली उन्हाने वाळणार होती आणि कुठली तगणार होती, ते कोणालाही कधीच कळणार नव्हतं. तिचा प्रश्न बरोबर होता की चूक, याचं उत्तर कुऱ्हाडीने पुसून टाकलं होतं.

जानेवारीत समाधानचा फोन आला. ट्रकवाल्याकडून त्याने शोधून काढलं होतं, लाकूड पुण्यातच उतरलंय, टिंबर मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या एका वखारीत. प्रियदर्शनीने फोन ठेवला, कपाटातून टेप काढला आणि मला म्हणाली, "चल. जानेवारी आहे."

मी तिला विचारलं नाही, की याचा उपयोग काय. तेवढी अक्कल इतक्या वर्षांत आली होती.

वखारीचे मालक श्यामसुंदर म्हणून होते. त्यांना वाटलं आम्ही गिऱ्हाईक. अंजनीचं काय करणार, म्हणाले, करवतीचे दात जातात, फर्निचरला कोणी घेत नाही, हा सगळा माल बेकरीच्या भट्ट्यांना जातो. प्रियदर्शनीने त्यांना फक्त मोजायचंय असं सांगितलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बहुधा पुण्यात सगळ्या प्रकारची माणसं असतात असं स्वतःला समजावून म्हणाले, टेंपो भरतोय, भरता भरता मोजा.

झाडं बुंध्यापाशी तोडलेली, म्हणून छातीच्या उंचीवरचा पिवळा पट्टा बहुतेक ओंडक्यांवर शाबूत होता. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरातले नंबर. मी पहिल्या ओंडक्याभोवती टेप फिरवला आणि सवयीने ओरडलो, नंबर, नाव, घेर. तिने परत म्हटलं. मग मी अडलो. ती पेन धरून थांबली. हमालही थांबले.

"तोडलेलं," ती म्हणाली.

"तोडलेलं," मी परत म्हटलं. आमच्या कामात हे पहिल्यांदाच उलटं झालं.

त्यानंतर जमलं. मी ओरडायचो, ती म्हणायची, हमाल तो ओंडका उचलून टेंपोत टाकायचे. इतक्या सोप्या जागी आम्ही कधीच मोजणी केली नव्हती. काटे नाहीत, निसरडा उतार नाही, जळवा नाहीत. मध्येच करवत सुरू झाली की आम्ही गप्प राहायचो आणि थांबली की पुढे चालू. श्यामसुंदरांनी दोन चहा पाठवले. ते तसेच निवून गेले.

माझी अंजनी ढिगाच्या तळाशी निघाली. मी टेप लावला, आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला. नंबर, नाव, घेर ओरडलो. प्रियदर्शनीचं पेन थांबलं. आकडा अनपेक्षित आला की परत मोजायचा, हा तिचा नियम.

"परत बघ," ती म्हणाली.

मी टेप सोडला, पट्ट्यावर नीट बसवला, ताणला. तोच आकडा. सगळ्या मोजण्यांमध्ये मिळून जेवढी वाढली नव्हती तेवढी ती या पाच वर्षांत वाढली होती. बोटभर का होईना, वाढली होती. मी तिला सरकारी फाइल म्हणत होतो आणि ती आपल्या गतीने कामाला लागली होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "वाढलीय."

तिने आकडा परत म्हटला आणि लिहिला. मग शेवटच्या शब्दासाठी थांबली.

"जिवंत," मी म्हणालो.

तिने ते परत म्हटलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण पेन हातात तसंच सरळ होतं. या बाईने सोळा वर्षांत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं आणि माझ्यासाठीही ती लिहिणार नव्हती.

"आनंद," ती म्हणाली, "नीट सांग."

मी टेप गुंडाळला.

"तोडलेलं."

"तोडलेलं," तिने म्हटलं आणि लिहिलं.

दोन हमालांनी अंजनी उचलायला घेतली. ती त्यांना उचलेना, म्हणून त्यांनी मला हात लावायला बोलावलं. मी लावला.